दोन नोंदवह्या : बंदुका आणि गुन्ह्यांची गणती

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केला आणि पाठोपाठ या प्रांतात नोंदवह्या आल्या. जमीन, जन्म, मृत्यू, गुन्हे आणि पुढे बंदुका यांचीही टिपणे होऊ लागली. आजचा बुलढाणा जिल्हा, म्हणजे उत्तरेस सातपुडा, मध्ये पूर्णेकाठचा पयनघाट व दक्षिणेस बालाघाटाचा उंचवटा असा मुलूख, सरकारला दिसे तो मुख्यतः या वह्यांतून. बंदुका वाढल्या की गुन्हे वाढतात, असे कोणी म्हणतो. हाती बंदूक असली की गुन्हेगार दबकतो, असे दुसरा म्हणतो. दोघेही आकड्यांचा हवाला देतात. ते आकडे मुळात कोणी लिहिले, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

सर जोसाया स्टँप या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२९ च्या आपल्या पुस्तकात हिंदुस्थानातील एका न्यायाधीशाची आठवण नोंदवली आहे. आकड्यांवर भिस्त ठेवणाऱ्या एका तरुणाला त्या न्यायाधीशाने बजावले होते, की सरकार आकड्यांची कितीही बेरीज-वजाबाकी करो, मुळातला आकडा खेड्यातल्या चौकीदाराच्या मर्जीचा असतो. या किश्श्यात साहेबी तुच्छता आहे, हे आम्ही नाकारीत नाही. कारण मर्जी केवळ चौकीदाराचीच चाले असे नव्हे. वऱ्हाडात जागल्या पाटलाला सांगे, पाटील ठाण्याला कळवी आणि ठाण्यातला कारकून वहीत उतरवी. या प्रत्येक पायरीवर गुन्हा गळून पडण्यास कारण असे. चोरी झाली म्हणून कळवावे, तर पंचनामा, साक्षीसाठी कचेरीच्या खेपा आणि ऐन सुगीत बुडालेले दिवस. ठाणेदाराच्या दृष्टीने तर तपास न लागलेला गुन्हा म्हणजे त्याच्याच नावावरचा डाग. अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील १९०२-०३ च्या पोलीस आयोगाने केवळ आकड्यांवरून पोलिसांची लायकी ठरवण्याच्या प्रथेला दोष दिला होता, तो उगाच नव्हे.

बंदुकांच्या वहीची कथा निराळी. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची अट घातली आणि युरोपियनांना तीतून मोकळे ठेवले. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच त्याविरुद्ध आवाज उठवला. परवाना मिळे तो ज्याच्या प्रतिष्ठेविषयी सरकारला खात्री वाटे त्याला. स्वातंत्र्यानंतरच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याने भेद काढला, परवाना ठेवला. पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक देण्याची तरतूद त्यात आहे. जळगाव जामोद वा संग्रामपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी रात्रभर मचाणावर बसून रानडुकरे व रोही हाकणाऱ्या शेतकऱ्याला तिचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. गंमत अशी, की १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे ती बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे.

आता याच मुलखातला फासेपारधी पाहा. त्याचे साधन बंदूक नव्हे, फास. त्याचा भाऊबंद टाकणकार जात्यांना टाकी लावून पोट भरी. बंदुकांच्या वहीत यांना जागा असण्याचे कारणच नव्हते. पण १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रसेल व हिरालाल यांच्या जातिजमातींवरील ग्रंथात त्यांचे वर्णन येते ते गुन्हेगार म्हणून. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये देशभर लागू करण्याजोगा झाला, तो १९५२ मध्ये रद्द होईपर्यंत जन्मावरूनच माणसावर संशय घेण्याची मुभा सरकारला होती. ज्याच्या पालावर रोज झडती, त्याच्याच पालावर मुद्देमाल सापडणार. आणि सापडला म्हणून उद्या पुन्हा झडती. पाटलाच्या वाड्याची झडती कोण घेणार? आकडा खोटा नसतानाही तो अन्यायाचे हत्यार होतो, हे आम्हांला या इतिहासात दिसते.

आजही रीत फारशी पालटलेली नाही. सातपुड्यापलीकडून आलेले गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या येतात. जप्तीचा आकडा वाढला म्हणजे कट्टे वाढले, की पोलिसांची मोहीम वाढली? निवडणूक आली की परवानाधारकांना बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. पण देशात बंदुकीने होणाऱ्या खुनांत बहुतेक शस्त्रे बिनपरवाना असतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचेच अहवाल दाखवतात. हा विभाग १९८६ साली स्थापन झाला. त्याच्या अहवालात मोजला जातो तो ठाण्यात दाखल झालेला गुन्हा, घडलेला नव्हे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच ती नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला ललिताकुमारी खटल्यात २०१३ साली स्पष्ट सांगावे लागले, यातच सर्व आले. एखाद्या राज्यात आकडा अचानक फुगतो, तेव्हा कधी कधी तेथे लोकांना दाद मिळू लागलेली असते.

खुनाचा आकडा त्यातल्या त्यात भरवशाचा, कारण प्रेत लपवणे अवघड. पण विहिरीत सापडलेल्या सुनेची नोंद प्रथम होते ती आकस्मिक मृत्यूच्या वहीत. तेथून ती गुन्ह्याच्या वहीत जाते की नाही, हे माहेरच्यांच्या चिकाटीवर पुष्कळदा अवलंबून असते.

अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, म्हणून तेथे घरातल्या बंदुकीविषयी एवढा वाद आहे. बुलढाण्याच्या घराघरांत असतो तो कीटकनाशकाचा डबा, आणि त्याला परवाना लागत नाही. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. शेतकऱ्याने विष घेतले की जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे प्रकरण जाते. सातबारा कोणाच्या नावे, कर्ज कोणत्या बँकेचे, थकले होते का, हे पाहून मृत्यू ‘पात्र’ वा ‘अपात्र’ ठरतो. पात्र ठरला तर घरच्यांना एक लाख रुपये. सासऱ्याच्या नावावरची जमीन कसणारा, सावकाराकडून तोंडी कर्ज घेतलेला तरुण या चाळणीत सहज अडकतो. पोलिसांच्या वहीत त्याचा मृत्यू असतो. मदतीच्या यादीत नसतो. त्याची विधवा दोन्ही कागद पिशवीत घालून तहसिलीच्या पायऱ्या चढते, आणि कारकून तिला विचारतो, सातबाऱ्यावर नाव कुठे आहे?