दीर्घकालीन स्तनपान

मूल एक वर्षाचे झाल्यानंतरही त्याला अंगावर पाजणे चालू ठेवणे म्हणजे दीर्घकालीन स्तनपान. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पहिले ६ महिने केवळ स्तनपान द्यावे व पुढे पूरक आहारासह २ वर्षे किंवा अधिक काळ ते चालू ठेवावे. दुसऱ्या वर्षीही आईच्या दुधातून ऊर्जा, प्रथिने आणि रोगप्रतिकारक घटक मिळतात. मात्र ते पूरक आहाराची जागा घेऊ शकत नाही.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे गाळप हंगामात पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात स्थलांतर करतात. अनेक तान्ही मुले आईबरोबर फडावर असतात. १९६१च्या प्रसूती लाभ अधिनियमाने मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा स्तनपानासाठी सुट्टीची तरतूद केली. परंतु ऊसतोडीत मुकादमाकडून उचल घेतलेल्या जोडप्याची, म्हणजे ‘कोयत्या’ची, मजुरी तोडलेल्या उसाच्या वजनावर ठरते, त्यामुळे मुलाला पाजण्यात गेलेला वेळ कमाईतून वजा होतो.