ग्रंथ आणि सुरी

इ. स. १४४ च्या सुमारास रोम येथील ख्रिस्ती मंडळीने आपल्या एका धनाढ्य सभासदाला बहिष्कृत केले आणि त्याने पूर्वी देणगी म्हणून दिलेले दोन लाख सेस्टर्स त्याला परत केले. मार्सियन हे त्याचे नाव. काळ्या समुद्राच्या काठी वसलेल्या सिनोपे बंदराचा तो जहाजमालक होता. मंडळीशी त्याचा जो वाद झाला, त्याच्या मुळाशी एकच प्रश्न होता. धर्मग्रंथ स्वीकारायचा तो समग्र, की आपल्या मनाला पटेल तेवढाच?

आज ज्याला नवा करार म्हणतात, त्यातील पुस्तकांची निश्चित यादी त्या काळी ठरलेली नव्हती. ख्रिस्ती सभांमध्ये शास्त्र म्हणून मुख्यतः यहुद्यांचे प्राचीन ग्रंथ, म्हणजेच जुना करार, वाचला जाई. त्यातला परमेश्वर जगाचा निर्माता आहे, तसाच न्यायाधीशही आहे. तो जलप्रलय आणतो, युद्धाची आज्ञा देतो, अपराध्याला शासन करतो. येशूने सांगितलेला पिता मात्र मार्सियनला निव्वळ करुणामय भासला. या दोहोंचा मेळ त्याला घालता येईना. तेव्हा हे दोन निरनिराळे देव आहेत, असा निर्वाळा देऊन त्याने जुना करार समूळ टाकून दिला. शुभवर्तमानांपैकी एकट्या लूकचे आणि पत्रांपैकी पौलाची दहा, एवढेच त्याने ठेवले. आणि त्यांतूनही यहुदी परंपरेशी नाते सांगणारे पुष्कळसे उल्लेख गाळले. ख्रिस्ती पुस्तकांची इतिहासाला ज्ञात असलेली पहिली बंदिस्त यादी ती हीच.

मार्सियनला ढोंगी म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्याची राहणी कडक वैराग्याची होती आणि जगातील दुःखाचा प्रश्न त्याला खरोखरच छळत होता. त्याचा पंथही अल्पजीवी ठरला नाही. दमास्कसच्या दक्षिणेकडील एका गावात त्या पंथीयांच्या प्रार्थनास्थळाचा इ. स. ३१८ च्या सुमाराचा शिलालेख सापडला आहे.

परंतु त्याने जे कापले, त्याबरोबर आणखी काय तुटले? त्याच्या ग्रंथात येशूचा जन्म नाही, माता नाही, वंशावळ नाही. तिबेरियस बादशहाच्या पंधराव्या वर्षी तो एकाएकी कफर्णहूम गावी प्रकट होतो. ज्याने सभास्थानात यशया संदेष्ट्याचा ग्रंथ उघडून वाचला, तो येशू आपल्याच लोकांत परका होऊन बसतो. कार्थेजच्या तर्तुल्यनाने मार्सियनच्या खंडनार्थ पाच भाग लिहिले. मार्सियनने लेखणी बाजूला ठेवून सुरी चालवली, असा त्याचा आरोप होता. त्याची वादपद्धती मार्मिक होती. मार्सियनने राखून ठेवलेले लूकचे शुभवर्तमानच हाती घेऊन, त्यातील वचने जुन्या कराराच्या आधारावाचून उभी राहत नाहीत, असे तो दाखवीत गेला.

मंडळीने हळूहळू उलटा मार्ग धरला. इ. स. १८० च्या सुमारास इरेनियसने चारही शुभवर्तमानांचा आग्रह धरला. इ. स. ३६७ मध्ये अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसने आपल्या पत्रात नव्या कराराची सत्तावीस पुस्तके नोंदवली आणि त्यांच्या आधी जुन्या कराराची यादी दिली. समग्र ग्रंथ स्वीकारल्याने अडचणी संपल्या असे मात्र नव्हे. ऑरिजेनसारख्या पंडितांनी कठीण भागांचा रूपकात्मक अर्थ लावला, आणि तरुण ऑगस्टिनला जुन्या कराराविषयी वाटणारा दुरावा मिलानच्या अँब्रोजची तशीच प्रवचने ऐकून ओसरला.

कात्री मात्र पुढेही अनेकांच्या हाती आली, आणि प्रत्येक वेळी हेतू मार्सियनइतका निर्मळ नव्हता. १८०७ साली लंडनमध्ये बायबलातील निवडक वेच्यांचे एक पुस्तक छापले गेले. ते ब्रिटिश वेस्ट इंडीज बेटांवरील निग्रो गुलामांसाठी होते. योसेफ गुलाम म्हणून विकला गेला, ही कथा त्यात होती. मोशेने इस्राएल लोकांना मिसरच्या दास्यातून सोडवून नेले, ती मात्र नव्हती. दासांनी धन्याची आज्ञा पाळावी हा उपदेश ठेवला होता. ख्रिस्ताच्या ठायी दास आणि स्वतंत्र हा भेद उरत नाही, असे सांगणारे पौलाचे वचन गाळले होते. कोणत्या पानांचे भय वाटत होते, हे त्या गाळण्यावरूनच कळून येते.

पुढे १३ नोव्हेंबर १९३३ रोजी बर्लिनच्या स्पोर्टपालास्ट सभागृहात, नाझीधार्जिण्या ‘जर्मन ख्रिस्ती’ गटाच्या विराट सभेत, राइनहोल्ट क्राउझे याने चर्चने जुन्या करारापासून मुक्त व्हावे अशी उघड मागणी केली. या भाषणाने अनेक पाद्री हादरले आणि गटापासून दूर झाले. त्याच वर्षीच्या अखेरीस म्युनिकमध्ये कार्डिनल फाउलहाबर यांनी जुन्या कराराच्या समर्थनार्थ प्रवचने दिली. तरी १९३९ मध्ये आयझेनाख येथे एक संस्था निघालीच, आणि पुढल्या वर्षी तिने यहुदी खुणा पुसलेला नवा करार प्रसिद्ध केला. ग्रंथातून यहुदी काढले जात होते, त्याच काळात त्यांना समाजातून उपटून मृत्यूच्या छावण्यांकडे नेण्याची वाट तयार होत होती.

याच्या नेमके उलट उदाहरण महाराष्ट्राच्या परिचयाचे आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून समग्र बायबल सोप्या मराठीत आणले. एप्रिल १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. ग्रंथ पुढे १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रिय अध्याय तेवढे निवडण्याची मोकळीक समग्र भाषांतर करणाऱ्याला नसते. वंशावळी, युद्धे, शाप आणि विलाप या सर्वांतून त्याला वाट काढावी लागते.

समग्र ग्रंथ मानणाऱ्यांच्या हातून अन्याय झाले नाहीत, असे इतिहास म्हणत नाही. गुलामगिरीचे समर्थनही अखंड बायबल हाती धरून झालेच. पण ग्रंथ अखंड राहिल्यामुळे समर्थकांना दोषी ठरवणारे पानही त्याच बांधणीत शिल्लक राहिले आणि दास्यात खितपत पडलेल्यांना मोशेची कथा पुढे वाचता आली. ज्याने आपल्या रुचीप्रमाणे ग्रंथ कापून घेतला, त्याला त्यात अखेरीस स्वतःचाच आवाज ऐकू येतो. मार्सियनचा ग्रंथ आज कोठेही उपलब्ध नाही. त्याच्या विरोधकांनी दिलेल्या उताऱ्यांवरून अभ्यासकांना तो जुळवावा लागतो.