बहरमपूर–भेडामारा वीजजोडणी

भारत व बांगलादेश यांच्या वीजजाळ्यांना जोडणारी पहिली मोठी वाहिनी. पश्चिम बंगालमधील बहरमपूर ते कुष्टिया जिल्ह्यातील भेडामारा अशी ही 400 किलोव्होल्टची दुहेरी वाहिनी 2010 च्या सामंजस्य करारातून आकाराला आली आणि ऑक्टोबर 2013 मध्ये सुरू झाली. सुरुवातीची क्षमता 500 मेगावॉट. 2018 मध्ये ती दुप्पट झाली.

दोन्ही देशांत वीज 50 हर्ट्झचीच, मग थेट जोड का दिला नाही? कारण वारंवारता दोन्हीकडे सतत थोडी वरखाली होत असते आणि थेट जोडल्यास एकीकडचा बिघाड दुसरीकडे पसरू शकतो. म्हणून भेडामाऱ्याच्या केंद्रात थायरिस्टर संच आलेल्या प्रत्यावर्ती विजेचे एकदिश विजेत रूपांतर करतात आणि त्याच आवारात तिला पुन्हा प्रत्यावर्ती करून 230 किलोव्होल्टच्या बांगलादेशी जाळ्यात सोडतात. किती वीज घ्यायची, हे त्यामुळे नेमके ठरवता येते.

पण या व्यवस्थेलाही मर्यादा आहे. 1 नोव्हेंबर 2014 रोजी केंद्र अचानक बंद पडले, वारंवारता कोसळली, एकामागून एक जनित्रे सुटली आणि जवळजवळ सगळा बांगलादेश अंधारात गेला. आयातीइतकीच देशातल्या राखीव निर्मितीची तजवीज महत्त्वाची असते.