जपानमधील शालेय जलतरण तलाव आणि त्यांचा सामाजिक वापर : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

शाळेची इमारत, मैदान व ग्रंथालय यांचा लाभ विद्यार्थ्यांबरोबर परिसरातील नागरिकांनाही मिळावा, हा विचार शिक्षणक्षेत्रात सर्वमान्य आहे. जलतरण तलावाच्या बाबतीत मात्र तो अमलात आणणे कठीण जाते. मैदानाचे फाटक उघडले की मैदान खुले होते. तलाव खुला करावयाचा तर पाण्याची शुद्धता, जीवरक्षक, कपडे बदलण्याच्या खोल्या, प्रकाशयोजना आणि अपघाताची जबाबदारी या सर्वांचा विचार करावा लागतो. दुसऱ्या महायुद्धानंतर ज्या देशाने मोठ्या प्रमाणावर शाळाशाळांतून तलाव बांधले, त्या जपानचा अनुभव या दृष्टीने अभ्यसनीय आहे. हे तलाव कोणत्या कारणाने बांधले गेले, कायद्याने त्यांत समाजाला कोणते स्थान दिले आणि तलावांच्या रचनेने ते स्थान कितपत प्रत्यक्षात येऊ दिले, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वपीठिका

पोहण्याचे शिक्षण जपानमध्ये प्राचीन आहे. सामंतशाहीच्या काळात ते सामुराईंच्या युद्धशिक्षणाचा भाग होते. आइझु संस्थानच्या १८०३ मध्ये पूर्ण झालेल्या निशिनकान या विद्यालयात पोहण्यासाठी स्वतंत्र तळे होते. आधुनिक काळात ओसाका प्रांतातील इबाराकी माध्यमिक शाळेच्या विद्यार्थ्यांनी स्वतः खोदकाम करून १९१६ मध्ये तलाव तयार केला. पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे कादंबरीकार यासुनारी कावाबाता हे त्या काळी याच शाळेत शिकत होते. तथापि असे तलाव अपवादात्मक होते. बहुसंख्य मुले नदीत वा समुद्रातच पोहावयास शिकत.

१९५५ : दोन दुर्घटना

या परिस्थितीला कलाटणी मिळाली ती १९५५ मध्ये. ११ मे १९५५ रोजी सेतो अंतर्गत समुद्रात दाट धुक्यामुळे शिउन मारू ही प्रवासी नौका दुसऱ्या नौकेवर आदळून बुडाली. मृतांची संख्या १६८ होती; त्यांपैकी सुमारे १०० जण शालेय सहलीस निघालेले विद्यार्थी होते. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी, २८ जुलै रोजी, मिए प्रांतातील त्सु शहराच्या किनाऱ्यावर शाळेचा पोहण्याचा वर्ग चालू असताना ३६ विद्यार्थिनी बुडून मरण पावल्या. पहिल्या घटनेने मुलांना पोहता येणे अत्यावश्यक आहे, ही जाणीव दृढ केली. दुसरीने ते शिक्षण उघड्या समुद्रात देणे किती धोक्याचे आहे, हे दाखवून दिले. दोहोंचा एकत्रित निष्कर्ष शाळेच्या आवारातील तलाव हाच होता. जपानी शालेय तलावाच्या प्रसारामागे क्रीडास्पर्धांची प्रेरणा होती, हे खरे; परंतु त्यामागील निकड या दुःखातून आलेली होती, हे विसरता येत नाही.

कायद्याची भूमिका

१९६१ च्या क्रीडा प्रोत्साहन कायद्याने या निकडीला आर्थिक आधार दिला. या कायद्यातील केंद्रीय अनुदानाच्या तरतुदीत शालेय जलतरण तलावाचा नावानिशी उल्लेख होता. १९६० व १९७० च्या दशकांत शाळांमधून तलावांची संख्या वेगाने वाढली.

समाजाचा विचार कायद्याने केला नव्हता, असे मात्र नाही. १९४७ च्या शालेय शिक्षण कायद्याने, अध्यापनात अडथळा येत नसेल तर, शाळेच्या सुविधा सामाजिक शिक्षणासाठी व अन्य सार्वजनिक कामांसाठी वापरण्यास मुभा दिली होती. १९४९ च्या सामाजिक शिक्षण कायद्याने तिला पुष्टी दिली. १९६१ च्या कायद्यानेही शाळांच्या क्रीडासुविधा सर्वसामान्यांच्या वापरासाठी उपलब्ध करून देण्याचा प्रयत्न व्हावा, असे सांगितले. १९७६ मध्ये शिक्षण मंत्रालयाने काढलेल्या सूचनेनुसार अशा खुल्या वापराचे व्यवस्थापन स्थानिक शिक्षण मंडळाकडे आले व देखरेखीसाठी स्वतंत्र व्यक्ती नेमण्याची कल्पना पुढे आली. अध्यापनाबाहेरच्या वेळेतील जबाबदारी मुख्याध्यापकांच्या खांद्यावरून दूर करण्याचा हा प्रयत्न महत्त्वाचा होता.

रचनेच्या मर्यादा

कायदा समाजाला आत येऊ देत होता. रचना मात्र त्याला दाराशीच थांबवीत होती. प्राथमिक शाळेचा नेहमीचा तलाव उघड्यावरचा, साधारण २५ मीटर लांबीचा आणि मुलांच्या उंचीस अनुसरून मीटरभर खोलीचा असे. पोहण्याचा हंगाम जून ते सप्टेंबर एवढाच. प्रौढांना व्यायामासाठी ही खोली अपुरी, तर लहान बालकांना अधिक. कपडे बदलण्याच्या खोल्या मुलांच्या सोयीने बांधलेल्या असत, आणि तलावाकडे जाण्याचा मार्ग पुष्कळदा शाळेच्या आवारातूनच असे. परिणामी सामाजिक वापर मुख्यतः उन्हाळी सुटीतील काही आठवड्यांपुरता व परिसरातील मुलांपुरता राहिला.

दाट वस्तीच्या टोकियोमध्ये वेगळा मार्ग शोधला गेला. सेतागाया वॉर्डातील काही माध्यमिक शाळांत बंदिस्त उष्णोदक तलाव बांधून ते नागरिकांस खुले करण्यात आले. अशा तलावात नागरिकांसाठी स्वतंत्र प्रवेशद्वार, प्रौढांच्या मापाच्या खोल्या, शाळेच्या वेळेनुसार बंद करता येणारे मार्ग आणि बारमाही पाणी तापविण्याची यंत्रणा या गोष्टी आराखड्यातच धराव्या लागतात. मागाहून भिंत फोडून त्या साधत नाहीत.

पाण्याचा दुसरा उपयोग

पोहण्यापलीकडे एका बाबतीत उघड्यावरचा साधा तलावही समाजाच्या मालकीचा ठरला. २५ मीटर लांब, १२ मीटर रुंद व सरासरी १.१ मीटर खोल तलावात ३३० घनमीटर, म्हणजे ३ लाख ३० हजार लिटर पाणी मावते. हे पाणी अग्निशमनासाठी राखीव साठा म्हणून हिवाळ्यातही अनेक ठिकाणी तसेच ठेवले जाई. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात कोबे शहरातील जलवाहिन्या फुटल्या, तेव्हा आग विझविण्यासाठी शाळांच्या तलावांतील पाणी उपसले गेले. शाळांतच आश्रयास आलेल्या नागरिकांनी शौचालयांसाठी तेच पाणी वापरले.

जबाबदारीचा प्रश्न

सामाईक वापरात सर्वाधिक अवघड प्रश्न जबाबदारीचा असतो. ३१ जुलै २००६ रोजी साइतामा प्रांतातील फुजिमिनो येथील नगरपालिकेच्या तलावात पाणी शोषून घेणाऱ्या तोंडावरची जाळी निखळल्याने एका ७ वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. ती जाळी बोल्टऐवजी तारेने बांधलेली होती. तलावाचे काम एका कंत्राटदाराने दुसऱ्याकडे सोपविले होते. हा तलाव शाळेचा नव्हता, तरी २००७ च्या शासकीय मार्गदर्शक तत्त्वांनी जाळी घट्ट बसविणे व आतून दुसरे संरक्षण देणे ही दुहेरी दक्षता सर्वच तलावांसाठी सांगितली. याउलट शाळेत सारा भार शिक्षकावर येतो. २०२३ मध्ये कावासाकी शहरातील एका प्राथमिक शाळेत पाणी वाहत राहिल्याने झालेल्या सुमारे १९ लाख येनच्या नुकसानीपैकी निम्मी रक्कम मुख्याध्यापक व संबंधित शिक्षक यांच्याकडून मागण्यात आली. अध्यापन हे ज्याचे काम, त्यानेच पंप व झडपाही सांभाळाव्यात काय, हा प्रश्न त्यामुळे सर्वत्र चर्चिला गेला.

उलटा प्रवाह

अनुदानाच्या काळात बांधलेले तलाव एकाच सुमारास जीर्ण झाले. २०११ च्या मूलभूत क्रीडा कायद्याने शाळांच्या सुविधा समाजाला खुल्या करण्याचे तत्त्व कायम ठेवले; पण त्याच सुमारास कानागावा प्रांतातील एबिना शहराने शाळांचे तलाव बंद करून विद्यार्थ्यांना नगरपालिकेच्या बंदिस्त तलावांत नेण्यास सुरुवात केली होती. समाजाने शाळेत यावे, या मूळ कल्पनेची जागा शाळेने समाजाच्या तलावावर जावे, या व्यवस्थेने घेतली. बारमाही वापर, प्रशिक्षित मार्गदर्शक व एकवटलेला देखभालखर्च हे तिचे लाभ होत. प्रवासात जाणारा वेळ आणि परिसरातून नाहीसा होणारा आपत्कालीन जलसाठा ही तिची किंमत होय.

निष्कर्ष

जपानी अनुभवावरून असे दिसते की, सामाईक वापराचे तत्त्व कायद्यात आरंभापासून असूनही ज्या तलावांच्या आराखड्यात समाज गृहीत धरलेला नव्हता, तेथे ते बहुतांशी कागदावर राहिले. खोली, प्रवेशमार्ग, हंगाम, पाण्याचा राखीव उपयोग आणि देखभालीचा जबाबदार घटक या पाच बाबी बांधकामापूर्वी निश्चित करणे म्हणूनच आवश्यक ठरते. त्याचबरोबर १९५५ च्या मुलांचे स्मरणही आवश्यक आहे. तलाव शाळेचा असो वा शहराचा, प्रत्येक मुलास पोहता यावे या हेतूने तो निर्माण झाला. शाळांचे तलाव बंद करताना हा हेतू दुसरीकडे पूर्ण होतो किंवा नाही, याच कसोटीवर तो निर्णय तपासला जावयास हवा.