कारकुनाच्या लेखणीचं गोंदण

आमळीला कार्तिकात कन्हैयालाल महाराजांची यात्रा भरते. खान्देशातल्या साक्री तालुक्यात अशा यात्रांमध्ये गोंदणवाल्याच्या हातात जे मशीन घुंई करत असतं, त्याचा मूळपुरुष कातडीसाठी जन्मलाच नव्हता. तो कागदासाठी जन्मला. थॉमस एडिसनने १८७६ साली विजेच्या लेखणीचं पेटंट घेतलं. टोकाला सुई, डोक्यावर इवलीशी मोटर, शेजारी बॅटरी. सेकंदाला पन्नासेक छिद्रं पाडत ही लेखणी कागदावर अक्षरं कोरायची. त्या कागदावरून शाईचा रूळ फिरवला की खाली हव्या तेवढ्या नकला निघत. कचेऱ्यांतून ती लवकरच हद्दपार झाली. मात्र १८९१ साली न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ'रायलीने त्याच कल्पनेला शाईची नळी जोडली आणि गोंदायच्या मशीनचं पेटंट मिळवलं.

पुढे विजेच्या घंटीच्या चालीवरचं मशीन आलं. तारेच्या गुंडाळीत वीज आली की लोखंडी पट्टी ओढली जाते, ती ओढली की वीज तुटते, पट्टी मागे येते, पुन्हा वीज. दारावरच्या घंटीत ही पट्टी वाटीवर आपटते. इथे तिला सुई बांधलेली असते. एवढं साधं यंत्र, म्हणून तर ते मोटारीच्या बॅटरीवर चालवत खेडोपाडी नेता आलं.

त्याआधी गोंदणं हे बाईचं काम होतं. भटक्या जमातींतल्या गोंदणाऱ्या बाया गावोगाव फिरत. तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधायच्या, दिव्याचं काजळ पाल्याच्या रसात कालवायचं, आणि आंडेरचा, म्हणजे पोरीचा, हात मांडीवर घट्ट धरून टोचत जायचं. वर हळद. मोबदला बहुतेक धान्यात. पिंपळनेर-दहिवेलकडच्या भिल्ल आणि कोकणा घरांतल्या म्हाताऱ्या बायांकडे बघा: हनुवटीवर ठिपका, कपाळावर खूण, मनगटाच्या वर ठिपक्यांच्या रांगा. रंग हिरवट. वास्तविक काजळ काळंच असतं. कातडीच्या आतल्या थरातून उजेड गाळून येतो म्हणून ते हिरवं-निळं दिसतं. आजच्या टॅटूची काळी शाईही बहुधा कार्बनचीच, म्हणजे काजळाच्याच कुळातली.

ते टिकतं कसं, हे आणखी गमतीचं आहे. शरीरातल्या भक्षक पेशी रंगाचा कण गिळतात, पण तो पचत नाही. पेशी मेली की कण सुटतो आणि दुसरी पेशी त्याला गिळते. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांवर हे दाखवलं.

बांधलेल्या सुयांनी ठिपका छान उठतो, अक्षराची वळणं जमवणं कठीण. मशीनचं नेमकं उलट. ते मुळात लेखणीच, अक्षरं हा त्याचा पिढीजात धंदा! माझ्या मते गोंदणातला खरा बदल इथे झाला. शाळा गावात आली आणि मशीन यात्रेत आलं, तशी ठिपक्यांची जागा नावांनी घेतली. ‘आई’, देवाचं नाव, प्रेयसीचं नाव (याचा पुढे पश्चात्ताप ठरलेला). आता शहरातल्या टॅटू स्टुडिओत चेहरे आणि इंग्रजी वाक्यं कोरून मिळतात, न्यूझीलंडच्या माओरींचे नमुनेही मिळतात. आजीच्या हातावरचा नमुना मात्र त्यांच्या नमुन्यांच्या पुस्तकात सापडत नाही. ईशान्येत मो नागा या कलाकाराने नागा जमातींची जुनी गोंदणं शोधून पुन्हा अंगावर आणली. खान्देशातल्या गोंदणालाही असा कुणी भेटायला हवा.

स्टुडिओचं एक मात्र यात्रेने जरूर उचलावं: प्रत्येकाला नवी सुई. एकच सुई दहा जणांना फिरली तर काविळीचे ब आणि क विषाणू, एचआयव्हीसुद्धा, रक्तातून पसरू शकतात. म्हणून तर आपल्याकडे टॅटू काढल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही.

आणि सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या पोरांसाठी: कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि हाताच्या पंजाची मागची बाजू, एवढ्याच जागी कायमचं गोंदण चालतं. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीच्या गोंदणासाठी सवलत आहे. बाकीच्यांनी आधी जागा ठरवावी, नाव मागाहून.