इंजिन आणि गिअरबॉक्स यांमधील सांधा: लालबाग ते पीथमपूर

आपल्या लालबाग राजवाड्याचे बांधकाम 1886 साली सुरू झाले आणि टप्प्याटप्प्याने 1921 पर्यंत चालले. योगायोग असा की, कार्ल बेंझ यांच्या मोटारगाडीचे पेटंटही 1886 सालचेच. ही वास्तू आणि मोटारगाडी अशा प्रकारे समवयस्क होत. होळकर घराण्याने मोटारीचे कौतुकही मनापासून केले. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांची 1930 च्या दशकातील ड्यूसेनबर्ग जगभरच्या मोटारप्रेमींना ठाऊक आहे. तिचा सांगाडा व इंजिन अमेरिकेचे, तर वरचे अंग इंग्लंडमधील गर्नी नटिंग यांनी घडविलेले.

एका देशाच्या सांगाड्यावर दुसऱ्या देशाचे अंग चढत असेल, तर एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत इंजिनांची अदलाबदल करणे किती सोपे, असे कोणासही वाटेल. एक गाडी हाताने गिअर बदलण्याची, दुसरी स्वयंचलित. एवढाच काय तो फरक. परंतु सारी अडचण नेमकी त्या फरकातच दडलेली असते.

हाताच्या गिअरच्या गाडीत इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकाशी जड फ्लायव्हील असते आणि क्लचप्लेट त्यावर दाबली जाते. गिअरबॉक्समधून येणाऱ्या दांड्याचे टोक बहुधा क्रँकशाफ्टमधील एका लहानशा बुशमध्ये टेकते. स्वयंचलित गाडीत क्लचचे पेडल नाही आणि ते जड चाकही नाही. तेथे पोलादाची पातळ चकती असते व तिला तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर जोडलेला असतो. म्हणून इंजिन बदलताना ही चकती उतरवून फ्लायव्हील, क्लच व बुश बसवावे लागतात. काही क्रँकशाफ्टमध्ये बुशचे छिद्र योग्य मापाचे कातलेलेच नसते. अलीकडच्या गाड्यांत त्याखेरीज संगणकाचीही समजूत घालावी लागते, कारण तो आपल्या ओळखीच्या गिअरबॉक्सकडून येणाऱ्या संकेतांची वाट पाहत असतो.

तेलातून शक्ती वाहून नेण्याची ही कल्पना मुळात मोटारीची नव्हे. जर्मनीत हेरमान फ्योटिंगर यांनी 1905 च्या सुमारास ती जहाजांसाठी मांडली. अमेरिकेत 1940 च्या ओल्ड्समोबिल गाडीत ‘हायड्रामॅटिक’ गिअर आला आणि 1948 साली ब्यूइकने टॉर्क कन्व्हर्टर असलेला ‘डायनाफ्लो’ आणला. तेव्हापासून एकाच इंजिनाचे दोन संसार सुरू झाले.

आपल्या घरोघरी परिचित असलेल्या अ‍ॅम्बॅसडरच्या कुळातही याचा एक दाखला आहे. तिची मूळ गाडी म्हणजे ब्रिटनची मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी मालिका. त्या गाडीला तेथे काही काळ ‘मॅन्युमॅटिक’ नावाचा पर्याय मिळत असे. त्यात गिअरची दांडी हातातच राही, क्लचचे पेडल मात्र नाहीसे होई. तिचे 1489 सीसीचे इंजिन पुढे भारतात अ‍ॅम्बॅसडरमध्ये आले. पण भारतीय चालकाचा डावा पाय क्लचवरच राहिला.

या गाडीच्या उत्तरायुष्याचा संबंध इंदूरच्या शेजाराशी आहे. हिंदुस्तान मोटर्सने 1980 च्या दशकात जपानच्या इसुझू कंपनीच्या सहकार्याने पीथमपूर येथे इंजिने व गिअरबॉक्स बनविण्याचा कारखाना काढला. 1990 च्या दशकाच्या आरंभी इसुझूचे 1817 सीसीचे इंजिन अ‍ॅम्बॅसडरमध्ये आले, तेव्हा ते एकटे आले नाही. त्याच्यासोबत पाच गिअरांचा गिअरबॉक्सही आला. स्टिअरिंगजवळची गिअरची दांडी खाली जमिनीवर आली. कारखानदारांनीही इंजिन आणि गिअरबॉक्स यांची जोडी फोडली नाही, ही बाब मनन करण्याजोगी आहे.

2014 साली उत्तरपाड्यातील अ‍ॅम्बॅसडरचे उत्पादन थांबले. त्याच वर्षी मारुती सुझुकीची सेलेरिओ बाजारात आली आणि तिने प्रश्नाचे निराळे उत्तर दिले. तिच्या स्वयंचलित प्रकारात फ्लायव्हील, क्लच व गिअर नेहमीचेच राहिले. क्लच दाबणे आणि गिअर टाकणे ही चालकाची कामे तेवढी यंत्राकडे गेली. सांधा न बदलता सांध्यावरचा हात बदलला.

आजही गॅरेजमध्ये जुन्या गाडीला दुसरे इंजिन बसविताना पैसा, श्रम आणि वेळ पणाला लागलेले असतात. जाणता मिस्त्री म्हणूनच आणलेल्या इंजिनाची शक्ती विचारण्याआधी विचारतो, ‘हे कोणत्या गिअरबॉक्सबरोबर चालत होते?’ इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकात असतो, आणि 1988 च्या मोटार वाहन कायद्यात अशा फेरबदलांसाठी कलम 52 आहे, हेही तो ग्राहकाला सांगतो. ही दक्षता वर्गात व कार्यशाळेत शिकवता येते, आणि तंत्रशिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी ती शिकावी. मोटारीच्या इतिहासात मान नेहमी इंजिनाला मिळाला; गाडी चालली किंवा अडली, ती मात्र सांध्यापाशी.