खोली आणि घर : मुंबईच्या माथाडी कामगारांच्या परतीचा विचार

परमुलखात कष्टाचे जिणे काढून घरी आलेल्या माणसास घरचे सुख लवकर मानवत नाही, ही गोष्ट लोकानुभवात जुनीच आहे. परंतु इतिहासलेखनात तिला अद्याप स्थान मिळालेले नाही. स्थलांतराचा इतिहास लिहिताना माणूस गाव का सोडतो, कोठे जातो आणि तेथे कोणते काम करतो, एवढ्याचा आपण विचार करतो. तो परत येतो तेथे आपली लेखणी थांबते. प्रस्तुत निबंधात मुंबईच्या घाऊक बाजारांतील माथाडी कामगारांच्या उदाहरणावरून या परतीचा विचार करावयाचा आहे. हे कामगार मोठ्या संख्येने सातारा जिल्ह्याच्या पाटण, जावळी यांसारख्या डोंगरी तालुक्यांतून आलेले असून, आज त्यांचे प्रमुख कार्यक्षेत्र म्हणजे वाशी-तुर्भे येथील मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचा, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेल्या ‘एपीएमसी मार्केट’चा परिसर होय.

याच जिल्ह्याने दुसऱ्या एका परतीचाही अनुभव घेतलेला आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियामधील कुत-अल-अमारा येथे सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्की सैन्याने डिसेंबर १९१५ पासून वेढा घातला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिला शरणागती पत्करावी लागली. या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीही होत्या. वेढ्यात शिधा घटत गेला; घोड्याचे मांस खावे की न खावे, असा धर्मसंकटाचा प्रसंग हिंदी शिपायांवर आला; आणि शरणागतीनंतर अनेकांना वाळवंटातून चालत नेऊन रास-अल-ऐनच्या बाजूस रेल्वेच्या कामावर जुंपण्यात आले. यातून वाचलेले शिपाई युद्धसमाप्तीनंतर आपल्या वाड्यावस्त्यांवर परतले. महाराष्ट्रातील अनेक गावांत या युद्धाच्या स्मरणार्थ संगमरवरी पाट्या बसविलेल्या आहेत. गावातून किती माणसे युद्धावर गेली आणि त्यांपैकी किती कामी आली, हे दोन आकडे त्यांवर कोरलेले असतात. परत किती आले, हा आकडा मात्र वाचकाने वजाबाकी करून काढावयाचा असतो. आपल्या इतिहासलेखनाची पद्धतही बहुतांशी या पाट्यांसारखीच राहिली आहे.

शिपायाजवळ निदान नोकरी संपल्याचा कागद होता, काहींना निवृत्तिवेतन होते. मशीद बंदर, दाणाबंदर किंवा भायखळा येथील हमालापाशी यांपैकी काहीच नव्हते. तो टोळीत काम करी. मजुरी टोळीवाल्याच्या हातून मिळे. आणि ज्याच्या मालाची गोणी तो वाही तो व्यापारी त्याला आपला नोकर मानीत नसे. शंभर किलोंची गोणी पाठीवर घेणे ही रोजची गोष्ट होती. प्रौढ पुरुषाने उचलावयाचे ओझे पंचावन्न किलोंहून अधिक असू नये, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली केली. त्या मानाने हे ओझे जवळजवळ दुप्पट होते. राहण्याची सोय म्हणजे गावकऱ्यांनी मिळून घेतलेला गाळा किंवा खोली. तेथे प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी, जेवण खानावळीचे, झोप पाळीपाळीने, आणि उन्हाळ्यात पेढीच्या ओट्यावर किंवा फुटपाथावर.

या जीवनाचा एक महत्त्वाचा पुरावा भाषेत सापडतो. हा कामगार काम संपल्यावर ‘खोलीवर’ जातो, ‘घरी’ जात नाही. ‘घर’ हा शब्द त्याने गावासाठी राखून ठेवलेला असतो. ‘बिऱ्हाड’ हा मधला शब्द बायकामुले मुंबईस आणल्यावरच येतो. ‘खोलीवर’ या शब्दातील ‘वर’ हा प्रत्यय आपण ‘कामावर’, ‘पाळीवर’, ‘चौकीवर’ असाही वापरतो. म्हणजे मुंबईतील निवारा हाही त्याच्या लेखी कामाचाच एक भाग होता. वीस-पंचवीस वर्षे खोलीवर राहिलेला मनुष्य मुंबईकर झाला असे जनगणना म्हणेल. त्याची भाषा तसे म्हणत नाही.

परतीच्या प्रश्नाचा शास्त्रीय विचार पाश्चात्त्य समाजशास्त्रात दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सुरू झाला. आल्फ्रेड शुत्झ यांनी १९४५ मध्ये घरी परतणाऱ्या सैनिकावर लिहिलेल्या निबंधात असे दाखविले की, परतणाऱ्यास सापडणारे घर हे त्याने सोडलेले घर नसते आणि घरच्यांना भेटणारा मनुष्यही गेलेला मनुष्य नसतो. पुढे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये परदेशातील जुळवून घेण्याची प्रक्रिया इंग्रजी ‘यू’ अक्षरासारख्या वक्ररेषेने मांडली, आणि १९६३ मध्ये गलाहॉर्न दांपत्याने परतीनंतरचा दुसरा उतार व चढ तिला जोडून ‘डब्ल्यू’ची आकृती सुचविली. परंतु ही आकृती एकदा जाऊन एकदाच परतणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आणि अभ्यासकांच्या अनुभवावरून काढलेली आहे. माथाडी कामगार गावच्या जत्रेला, शिमग्याला, सुगीला असा वर्षातून एकदोनदा घरी जातो. घरी तो पाहुणा असतो. त्याला ताटावर बसवून वाढतात, कामाला हात लावू देत नाहीत. घरच्या सुखाची त्याची कल्पना या आठ-पंधरा दिवसांच्या पाहुणचारावरच उभी राहते. कायमचे परतल्यावर पाहुणचार संपतो, आणि घरातील आपली जागा कोणती, हा प्रश्न प्रथमच त्याच्यापुढे येतो.

पाटण आणि जावळीच्या बाबतीत यात आणखी एका गोष्टीची भर पडली. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात या भागातील अनेक गावे गेली आणि तेथील लोकांना दूरच्या जिल्ह्यांत वसविण्यात आले. पुढे ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयनानगर परिसरातील दगडमातीची घरे कोसळली. ज्या घरासाठी मुंबईत ओझे वाहिले ते घरच काहींच्या बाबतीत जागेवर राहिले नाही. अशांच्या बाबतीत परतीचा विचार करताना ‘गाव’ हे स्थिर ठिकाण धरून चालता येणार नाही.

यानंतरचा मोठा बदल कायद्याने घडविला. पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळे येथे जन्मलेले अण्णासाहेब पाटील (१९३३-१९८२) यांनी या कामगारांची संघटना बांधली, आणि तिच्या लढ्यातून १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. कामगार, मालक आणि शासन यांच्या प्रतिनिधींची मंडळे स्थापन झाली. मजुरी मंडळाकडे जमा होऊ लागली. मजुरीवरील लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान व रजेचा पगार यांची तरतूद झाली. थोडक्यात, ज्याला मालक नव्हता त्याला कायद्याने सेवेची अखेर दिली. ‘निवृत्ती’ हा शब्द हमालाच्या आयुष्यात यामुळेच अर्थपूर्ण झाला, आणि कायमच्या परतीचा प्रश्नही यामुळेच उभा राहिला. पूर्वी शरीर थकले की मनुष्य गावी जाई. आता त्याच्या जाण्याला तारीख आणि हिशेब आला.

दरम्यान बाजारच हलला. कांदा-बटाट्याचा बाजार १९८० च्या दशकाच्या आरंभी खाडीपलीकडे गेला. मसाला व धान्य यांचे बाजार १९९० च्या दशकाच्या आरंभी, आणि फळे व भाजीपाला यांचे १९९६ मध्ये गेले. कोपरखैरणे, घणसोली या भागांत माथाडी वसाहती उभ्या राहिल्या. अनेक कामगार आयुष्यात प्रथमच बायकामुलांसह स्वतःच्या दाराआड राहू लागले. येथे ‘खोली’ आणि ‘घर’ एकत्र आली. परंतु या एकत्र येण्यात अडचणही होती, आणि ती केवळ मनाची नव्हती. भाजीपाल्याच्या गाड्या रात्री येतात, बाजार पहाटेपूर्वी सुरू होतो. कामगाराची झोप दिवसाची. गाळ्यातील सर्वच माणसे याच कामाची असल्याने तेथील गैरसोय त्याच्या झोपेशी जुळलेली होती. घर मात्र शाळेच्या वेळेने, पाण्याच्या वेळेने आणि शेजाऱ्यांच्या वेळेने चालते. त्यामुळे पलंग आणि पंखा असलेल्या घरापेक्षा गोण्यांच्या थप्पीवर झोप बरी लागते असे जर कोणी म्हणाला, तर ती केवळ जुन्या सवयीची तक्रार समजू नये. ते दोन वेळापत्रकांतील विसंगतीचे अचूक वर्णन आहे.

शिवाय हे नवे घर रिकाम्या जमिनीवर उभे राहिलेले नाही. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर पंच्याण्णव गावांतील आगरी-कोळी आणि इतर शेतकऱ्यांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित झाल्या. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागातील आंदोलनावर झालेल्या गोळीबारात पाच माणसे मृत्युमुखी पडली. एका श्रमिक समाजाचे घराशी जुळणे आणि दुसऱ्याचे घरापासून तुटणे ही एकाच प्रक्रियेची दोन अंगे होत. त्यांपैकी एकाचाच इतिहास लिहिणे न्याय्य ठरणार नाही.

या विषयाच्या अभ्यासास आता विलंब परवडणारा नाही. २०१६ साली फळे व भाजीपाला यांचा व्यापार बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला. बाजाराचे रूप बदलत आहे. आणि मशीद बंदरच्या गाळ्यात तारुण्य काढलेली पिढी आज वृद्ध आहे. मंडळांच्या दप्तरात त्यांची मजुरी, रजा आणि निधी सापडेल. परतीनंतरची पहिली सहा महिने त्यांनी कशी काढली, हे दप्तरात सापडणार नाही. आमच्या विभागातील विद्यार्थ्यांनी या वृद्धांकडे जावे आणि ‘तुम्ही मुंबईस केव्हा आलात?’ या नेहमीच्या प्रश्नाने आरंभ न करता, ‘खोलीला घर म्हणावयास केव्हा लागलात?’ असे विचारावे. काहीजण एखादे वर्ष सांगतील, काही एखादा प्रसंग सांगतील. काही कदाचित असेही सांगतील की, आपण तसे अजून म्हणत नाही. ही तिन्ही उत्तरे सारख्याच काळजीने लिहून घेण्याजोगी आहेत.